शाळेच्या दारातली मार्गदर्शक : मारिया ओगिल्व्ही गॉर्डन

शाळा सोडणाऱ्या मुलाने पुढे कोणते काम धरावे, हा विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न समजला जात असे. वडिलांच्या ओळखीचा मुकादम, शेजारचा दुकानदार, नाहीतर कारखान्याच्या फाटकावरची पाटी, एवढ्यावर तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचे आयुष्य ठरे. ही जबाबदारी जनतेच्या पैशावर चालणाऱ्या शाळा मंडळांनी उचलावी, अशी योजना १९०४ मध्ये डॉ. मारिया ओगिल्व्ही गॉर्डन यांनी मांडली. त्या ना शाळामास्तरीण होत्या, ना सरकारी अधिकारी. त्या भूगर्भशास्त्रज्ञ होत्या, आणि आल्प्समधील डोलोमाइट पर्वतरांगांवरील संशोधनासाठी आजही त्यांचे नाव घेतले जाते.

मारिया यांचा जन्म ३० एप्रिल १८६४ रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनशायर परगण्यात, मोनिमस्क या गावी झाला. वडील रेव्हरंड अलेक्झांडर ओगिल्व्ही हे शिक्षणक्षेत्रातले. पुढे ते अ‍ॅबर्डीनच्या रॉबर्ट गॉर्डन या नामांकित विद्यालयाचे प्रमुख झाले. मारिया यांचे शालेय शिक्षण एडिंबरो येथे झाले. अठराव्या वर्षी त्या पियानो शिकण्यासाठी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाल्या, पण संगीताची वाट त्यांनी लवकरच सोडली आणि त्या विज्ञानाकडे वळल्या. एडिंबरोचे हेरियट-वॉट महाविद्यालय आणि त्यानंतर लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज असा प्रवास करून १८९० मध्ये त्यांनी बी. एस्सी. पदवी घेतली. वाट चुकली तर मागे फिरून दुसरी धरण्याची मुभा त्यांना घरच्या परिस्थितीने दिली होती. गिरणीत किंवा गोदीत पाऊल टाकणाऱ्या पोराला ती मिळत नसे.

पदवीनंतर त्या जर्मनीला गेल्या. बर्लिन विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. म्युनिकमध्ये कार्ल फॉन झिटेल आणि रिचर्ड हर्टविग या नामवंतांकडे त्यांनी अभ्यास केला, तोही रीतसर विद्यार्थिनी म्हणून नव्हे. पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गात बसण्याची परवानगी नसल्याने शेजारच्या खोलीत बसून, अर्धवट उघड्या दारातून त्या व्याख्याने ऐकत, असे सांगितले जाते. १८९१ च्या उन्हाळ्यात फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन या भूगोलतज्ज्ञांनी त्यांना डोलोमाइटच्या डोंगरांत नेले आणि त्यांच्या संशोधनाचा विषय तेथे ठरला. स्थानिक वाटाड्यांना सोबत घेऊन त्या कडे चढल्या, जीवाश्म गोळा केले, नकाशे रेखले. या कामावर लंडन विद्यापीठाने १८९३ मध्ये त्यांना डी. एस्सी. दिली.  ज्या म्युनिकमध्ये त्यांना वर्गाबाहेर बसावे लागले होते, त्याच विद्यापीठाने १९०० मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली.

दरम्यान १८९५ मध्ये अ‍ॅबर्डीनचे डॉक्टर जॉन गॉर्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलेबाळे झाली, संसार सुरू झाला, पण डोंगर सुटले नाहीत. संशोधनाच्या सफरींवर कधी कधी कुटुंबही सोबत असे. त्याच काळात त्या नॅशनल युनियन ऑफ विमेन वर्कर्स या स्त्रियांच्या सामाजिक संघटनेच्या कामात ओढल्या गेल्या. शाळा सुटल्यावर मुलांचे काय होते, हा त्या वेळी सर्वत्र चर्चिला जाणारा विषय होता.

त्यातील खरी अडचण बेकारीची नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चौदा वर्षांच्या पोराला काम चटकन मिळे. निरोप पोचवणे, सामानाच्या गाडीवर मदतनीस म्हणून बसणे, यंत्राला माल पुरवणे अशी कामे मुबलक होती आणि सुरुवातीचा पगार उमेदवारी करणाऱ्या मुलापेक्षा बरा असे. पण सतरा-अठराव्या वर्षी, मोठ्या माणसाचा पगार मागण्याची वेळ आली, की मालक त्याला काढून दुसरा लहान पोरगा ठेवी. तोवर उमेदवारीचे वय निघून गेलेले असे आणि हाती कसब काहीच नसे. गरीब आईबापांना आठवड्याचे चार शिलिंग दिसत. चार वर्षांनंतरचे चित्र त्यांना दाखवणारे कोणी नव्हते.

ओगिल्व्ही गॉर्डन यांची योजना नेमकी या जागी बोट ठेवणारी होती. प्रत्येक शाळा मंडळाने शिक्षण आणि रोजगार यांची माहिती देणारे कार्यालय चालवावे. गावातील धंद्यांची स्थिती, पगार, कामाचे तास, उमेदवारीच्या अटी यांची माहिती तेथे गोळा व्हावी. शाळा सोडण्याआधीच मुलाशी व पालकांशी बोलणे व्हावे, आणि नोकरी लागल्यावरही मुलाने संध्याकाळचे वर्ग सोडू नयेत म्हणून त्याच्याशी संबंध ठेवावा, अशी ही कल्पना होती. हा सल्ला नोकरी मिळवून देणाऱ्या कचेरीने नव्हे, तर मुलाला ओळखणाऱ्या शाळेने द्यावा, हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होता. त्यांनी केवळ भाषणे केली नाहीत. मुलामुलींसाठी धंदे, उद्योग आणि पेशे यांची माहिती देणारी हस्तपुस्तिका त्यांनी स्वतः सिद्ध केली व ती १९०८ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे प्रसिद्ध झाली. खडकाचा थर न् थर नोंदवणाऱ्या संशोधिकेला धंद्यांची अशी तपशीलवार जंत्री अवघड वाटली नसावी.

त्याच वर्षी स्कॉटलंडचा शिक्षण कायदा संमत झाला. शाळा सोडणाऱ्या मुलांना कोणते रोजगार खुले आहेत, याची माहिती गोळा करून ती पोचवणारी यंत्रणा चालवण्याचा अधिकार त्याने शाळा मंडळांना दिला. एडिंबरोच्या मंडळाने लगेच असे कार्यालय उघडले. मात्र हा अधिकार होता, सक्ती नव्हती. ज्या मंडळाला खर्च नको, त्याने काही न केले तरी चालत असे. कायद्यातील हा लंगडेपणा पुढे दीर्घकाळ टिकला.

लंडनमध्ये वेगळेच घडत होते. विन्स्टन चर्चिल यांच्या व्यापार खात्याने १९०९ च्या कायद्यान्वये देशभर सरकारी सेवायोजन कार्यालये काढली आणि त्यांत अल्पवयीनांसाठीही विभाग ठेवले. शिक्षण खात्याला हे रुचले नाही. १९१० च्या व्यवसायनिवडविषयक कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना सतरा वर्षांखालील मुलांना सल्ला देण्याचा अधिकार मिळाला आणि एकाच मुलावर दोन खात्यांचा हक्क निर्माण झाला. १९११ मध्ये दोन्ही खात्यांनी संयुक्त निवेदन काढून कामाची वाटणी करून घेतली, तरी रस्सीखेच थांबली नाही. एडिंबरोने मात्र दोहोंची सांगड घालून दाखवली होती.

पहिल्या महायुद्धाने ओगिल्व्ही गॉर्डन यांच्यावर दुहेरी आघात केला. डोलोमाइटवरील त्यांचा मोठा ग्रंथ जर्मनीत प्रकाशनाच्या वाटेवर होता. युद्धाच्या धामधुमीत हस्तलिखित आणि नकाशे हरवले. १९१९ मध्ये पतीचे निधन झाले आणि त्या लंडनला राहावयास गेल्या. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्याच वर्षी स्त्रियांना प्रथमच सदस्यत्व दिले, त्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. पुढच्या वर्षी मॅरिलबोन न्यायालयात त्या न्यायासनावर बसल्या. साठीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा आल्प्समध्ये गेल्या, गमावलेले काम नव्याने उभे केले आणि १९२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये त्यांना लायेल पदक, तर १९३५ मध्ये डेम हा किताब मिळाला. २४ जून १९३९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. २००० मध्ये डोलोमाइटमधील एका जीवाश्म नेच्याच्या प्रजातीला गॉर्डनॉप्टेरिस हे नाव देण्यात आले.

त्यांच्या योजनेचे पुढचे आयुष्य मात्र खडतर ठरले. १९४८ च्या कायद्याने युवक रोजगार सेवा स्थापन झाली, तरी ती चालवावी की नाही हे स्थानिक प्राधिकरणांच्या मर्जीवरच राहिले. सक्ती यायला १९७३ साल उजाडावे लागले, म्हणजे १९०८ पासून पासष्ट वर्षे. ती सक्तीही वीसच वर्षे टिकली. १९९३ च्या कायद्याने प्राधिकरणांकडून हे काम काढून घेतले आणि ते कंत्राटाने कंपन्यांकडे गेले. इंग्लंडमध्ये २००१ पासून आलेली कनेक्शन्स ही सेवाही पुढच्या दशकात गुंडाळली गेली. २०११ च्या शिक्षण कायद्याने मार्गदर्शनाची जबाबदारी शाळांवर सोपवली. म्हणजे काम शाळेच्या दारात परतले, पण त्यासाठीचा स्वतंत्र निधी सोबत आला नाही. स्कॉटलंडने वेगळा रस्ता धरला. तेथे २००८ मध्ये स्थापन झालेल्या स्किल्स डेव्हलपमेंट स्कॉटलंड या शासकीय संस्थेचे सल्लागार सरकारी माध्यमिक शाळांमध्ये जाऊन मुलांशी बोलतात आणि त्यांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात.