अडीचशे सोडून पन्नासवर

पिंपळे सौदागरमधल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं, भटक्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही यावरची न संपणारी चर्चा आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी ‘माइंडफुलनेस वीकेंड’चं एक पोस्टर. कमळ, मिटलेले डोळे, खाली नाव नोंदवायची लिंक. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी आलेल्या माणसाला शांतता हवीशी वाटली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. आळंदीजवळच्या मरकळला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत निघतंच. मेत्ता, करुणा हे शब्द तर आता मोबाईलच्या नोटिफिकेशनमध्येही येतात.

पण हे शब्द पालीतून उचलून साध्या मराठीत कुणी आणून ठेवले, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. त्या माणसाचं नाव धर्मानंद कोसंबी. आणि तो आपल्यापासून फार लांबचा नाही. कासारवाडीला मेट्रोत बसा, शिवाजीनगरला उतरा आणि एफसी रोडकडे चालत जा. आपण तिथे कपडे घ्यायला आणि कॉफी प्यायला जातो. ज्या कॉलेजवरून रस्त्याला नाव पडलं, त्या फर्ग्युसनमध्ये 1912 ते 1918 अशी सहा वर्षं कोसंबी पाली शिकवत होते. गंमत म्हणजे त्यांच्याकडे स्वतःची कुठलीच पदवी नव्हती.

जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, गोव्यातल्या साखवाळचा. पोर्तुगीज राजवट, सारस्वत ब्राह्मणाचं शेणवी घर, नारळाच्या बागा. शाळा जेमतेम. प्रकृती नाजूक. 1891 साली, म्हणजे आजच्या हिशेबाने दहावीच्या वयात, बाळाबाईंशी लग्न झालं. पुढची काही वर्षं घर, बागायत आणि मनात साचत गेलेली अस्वस्थता. काय करायचंय ते कळत नाही आणि जे चाललंय ते नको आहे, ही अवस्था आपल्याला काही नवीन नाही.

अशात हातात आलं ‘बालबोधमेवा’ नावाचं मुलांचं मासिक. त्यात बुद्धाची गोष्ट होती. लहान मुलांसाठी लिहिलेली ती गोष्ट वाचून विशीतला हा संसारी माणूस हलला. बुद्धाबद्दल आणखी समजून घ्यायचं, त्यासाठी संस्कृत शिकायचं, एवढं त्यांनी ठरवलं. पाली नावाची भाषा वेगळी शिकावी लागेल, हेही तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

1899 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी घर सोडलं. वय 23. पहिली मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली. बाळाबाई आणि तान्हं मूल मागे गोव्यात राहिलं.

इथे थोडं थांबू या. अशा गोष्टी आपण नेहमी निघालेल्या माणसाबरोबर वाचतो. तो पुण्याला गेला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटला, पुढे ग्वाल्हेर, उज्जैन, काशी... आपण त्याच्या मागे चालू लागतो आणि दारात उभी राहिलेली बाई कादंबरीतल्या गौण पात्रासारखी पुसट होते. जवळजवळ सात वर्षं बाळाबाईंनी एकटीने माणिकला वाढवलं. नवरा परत येईल की भिक्षूच होऊन राहील, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. ही सात वर्षं लक्षात ठेवा, कारण कोसंबींच्या करुणेबद्दल बोलायचं तर ती बाजूला ठेवता येत नाहीत.

काशीत ते अन्नछत्रात जेवत आणि संस्कृत शिकत. तिथून थेट नेपाळ. बुद्धाचा धर्म तिथे जिवंत असेल ही आशा होती, पण जे दिसलं त्याने ते निराश झाले. बोधगयेत त्यांना कळलं की खरा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जायला हवं. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत झाली आणि 1902 मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोचले. तिथे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली श्रामणेर झाले, पाली शिकले. तिथलं जेवण मात्र त्यांना मानवलं नाही. मद्रास, ब्रह्मदेश, परत भारत. बुद्धाच्या पायांनी पावन झालेली ठिकाणं पायी फिरले, भिक्षा मागून जेवले. पुन्हा ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचा अभ्यास केला. आज लोक दहा दिवसांची रजा टाकून शिबिराला जातात, तेही सोपं नाहीच. कोसंबींची रजा सात वर्षांची होती आणि ती मंजूर कुणी केली नव्हती.

आणि मग, ज्याच्यासाठी एवढी वणवण केली ते चीवर त्यांनी 1906 मध्ये उतरवलं.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा वळणाचा क्षण हा आहे. भिक्षू राहून स्वतःपुरती शांतता मिळाली असती. पण शिकलेलं आपल्या लोकांपर्यंत पोचवायचं तर शिकवावं लागणार, छापावं लागणार, पैशांचे व्यवहार करावे लागणार आणि भिक्षूच्या नियमांत ते बसत नाही. म्हणून त्यांनी पुन्हा साधा सदरा घातला, कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात शिकवायला लागले आणि गोव्याला जाऊन बाळाबाई नि माणिकला भेटले. संसार परत सुरू झाला. 1907 मध्ये मुलगा झाला, दामोदर. हेच पुढचे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना वडिलांपेक्षा मुलगाच जास्त माहीत असतो!

आता पॅकेजची गोष्ट. कलकत्ता विद्यापीठ त्यांना महिना 250 रुपये द्यायला तयार होतं. दुसरीकडे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा प्रस्ताव आला : महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, महिना 50 रुपये मिळतील. कोसंबींनी 50 घेतले. कारण सरळ होतं, त्यांना मराठीत लिहायचं होतं आणि मराठी माणसांत राहायचं होतं. ऑफर लेटर शेजारी शेजारी ठेवून हजार-दोन हजारांचा फरक काढणाऱ्या आपल्या पिढीला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं. शिवाय घरात बायको आणि दोन मुलं, म्हणजे या निर्णयाचीही किंमत एकट्याने मोजायची नव्हती.

बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्यानं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने 1910 मध्ये पुस्तकरूपात आली. त्याच वर्षी ते अमेरिकेला निघाले, हार्वर्डला. तिथल्या प्राध्यापकांना ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायची होती आणि त्यासाठी पाली रक्तात भिनलेला माणूस हवा होता. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेलं हे काम त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं होतं.

‘विसुद्धिमग्ग’ पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत लिहिला. मन कसं घडवायचं याचं ते सविस्तर मॅन्युअल आहे म्हणा ना. त्यात मेत्ता म्हणजे मैत्रीची भावना वाढवायची पद्धत पायरीपायरीने दिली आहे. सुरुवात स्वतःपासून. मग ज्यांच्याबद्दल आदर आहे असं माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याशी आपलं देणंघेणं नाही असं कुणी, उदाहरणार्थ सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, आणि सगळ्यात शेवटी ज्याचा राग येतो तो. पुढे एक भयंकर प्रसंग कल्पून बघायला सांगितलं आहे. तुम्ही, तुमचं आवडतं माणूस, एक तटस्थ माणूस आणि एक शत्रू असे चौघं बसला आहात. दरोडेखोर येऊन म्हणतात, चौघांतला एक बळी द्या. तुम्ही शत्रूकडे बोट दाखवलंत तर तुमची मैत्री कच्ची, हे उघड आहे. पण स्वतःला पुढे केलंत तरी ती कच्चीच! चौघांतलं कुणीच देण्यासारखं वाटलं नाही, तर मनातली भिंत पडली.

त्याच ग्रंथात प्रत्येक चांगल्या भावनेचा एक ‘जवळचा शत्रू’ सांगितला आहे, म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा तोतया. मैत्रीचा तोतया आसक्ती. उपेक्षेचा, म्हणजे समतोल राहण्याचा तोतया बेपर्वाई. समोरच्याचं काहीच वाटत नाही आणि आपण समजतो की आपण शांत झालो. हेडफोन घालून लिफ्टमध्ये उभं असताना मला हे वाक्य आठवतं आणि जरा लाज वाटते.

या एका ग्रंथाने कोसंबींची मधूनमधून वीसेक वर्षं घेतली. हार्वर्डचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून खटका उडाला. काम करायचं आणि नाव मदतनीसाचं लावायचं, हे कोसंबींना मान्य नव्हतं. 1912 मध्ये ते परतले आणि फर्ग्युसनमध्ये आले. पां. वा. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांच्यासारखे पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. 1918 मध्ये पुन्हा हार्वर्ड. या वेळी माणिक आणि दामोदर सोबत होते. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींसह इथेच राहिल्या.

परत तेच. दरोडेखोरांचा तो प्रसंग वाचताना मला राहून राहून वाटतं, चौघांत बाळाबाईंना कुठे बसवलं होतं? जगाबद्दल एवढी कळवळ असलेल्या माणसाने घरातलं माणूसच बळी म्हणून पुढे केलं का? त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी, यांनी आजोबांचं लेखन इंग्रजीत आणलं, तेव्हा आजीच्या वाट्याला काय आलं याकडेही डोळेझाक केली नाही. मला वाटतं, हेच बरोबर आहे. मोठ्या माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्याकडून शिकणं थांबतं.

आणि कोसंबींना स्वतःला हा प्रश्न पडला नसेल असं मी मानत नाही. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, पण एक धागा बघा. 1940 च्या सुमाराला आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची आपल्याला पाठ असलेली गोष्ट त्यांनी नाकारली. म्हातारा, आजारी, प्रेत बघून राजपुत्र मध्यरात्री झोपलेल्या बायकोला सोडून पळाला, हे जुन्या सुत्तांत नाही असं त्यांनी दाखवलं. जुन्या सुत्तांत आईवडील रडत असताना, सगळ्यांच्या देखत तो निघाला आहे. कारण कोसंबींच्या मते रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून शस्त्रं उपसायची वेळ आली आणि माणसं पाण्यासाठी माणसांना का मारतात, या प्रश्नाने त्याला घराबाहेर काढलं. ‘बोधिसत्त्व’ नाटकातही त्यांनी हेच मांडलं. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्येही रोहिणीच्या पाण्याचा तंटा येतो. दिवसाआड नळ येणाऱ्या आणि टँकरच्या बिलावरून मीटिंगमध्ये आवाज चढवणाऱ्या आपल्या भागाला ही गोष्ट परकी वाटू नये. पवना तर हाकेच्या अंतरावर आहे.

स्वतः घर सोडून गेलेल्या माणसाने साठी ओलांडल्यावर बुद्धाचं घर सोडणं पुन्हा तपासलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांची करुणा डोळे मिटून बसणारी नव्हती. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवाद वाचला. लेनिनग्राडला जाऊन शिकवलं. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी शिरोड्याला गेले आणि तुरुंगात बसले. 1937 मध्ये परळच्या गिरणगावात कामगारांसाठी ‘बहुजन विहार’ उभा केला. विद्यापीठातला विद्वान चाळींच्या मध्ये जाऊन राहिला.

आपल्या पट्ट्यात बुद्धविहार म्हटलं की देहूरोड आठवतं. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी तिथे रंगूनहून आलेल्या मूर्तीची स्थापना केली. कोसंबी ते बघायला नव्हते. शरीर थकलं, आजार हटेना, आता आपण कुणाच्या उपयोगाचे नाही आणि सेवा करून घेणं बरं नाही असं वाटून त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी एकदा त्यांना थांबवलं. शेवटी सेवाग्राम आश्रमात, 1947 च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, उपवासात त्यांचा अंत झाला. हा शेवट मला पटत नाही, हे सांगून टाकते. उपयोग संपला म्हणून माणूस संपत नाही, निदान मेत्तेच्या हिशेबात तरी. स्वतःपासून सुरू करायची ती मैत्री त्यांनी शेवटी स्वतःलाच दिली नाही का, असं वाटून जातं. त्यांच्यानंतर त्यांच्या आठवणीसाठी पाली शिकायला विद्यार्थी श्रीलंकेला पाठवावेत, असं गांधीजींनी सुचवलं.

हार्वर्डची प्रत निघाली 1950 मध्ये, ते गेल्यावर तीन वर्षांनी. संपादक म्हणून वॉरन यांचं नाव, कोसंबींचं नाव सुधारणा करणारे म्हणून. पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1940 मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी देवनागरीत छापून टाकला होता.

वाचायचं असेल तर आधी ‘निवेदन’ घ्या, हे त्यांचं आत्मचरित्र. भाषा सोपी आहे, स्वतःचं कौतुक जवळजवळ नाही आणि काशीच्या अन्नछत्रापासून नेपाळच्या वाटेपर्यंतचा भाग प्रवासवर्णनासारखा पळतो. मग ‘भगवान बुद्ध’. अप्पा बळवंत चौकात विचारा, मिळून जाईल.