यशवंतरावजींनी दिलेला हिशेब

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा बहुतेक भगिनींनी संत आणि समाजसुधारक निवडले. मी कै. यशवंतराव चव्हाणांचे नाव सांगताच, राजकारणी माणूस कशाला, असा प्रश्न आला. त्याचे कारण माझ्या आईच्या बांगडीत आहे.

दि. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने लडाखमध्ये आणि ईशान्य सीमेवर एकदम चढाई केली. त्या दिवसांत आपल्या भंडाऱ्यातही संरक्षण निधीसाठी दारोदार फेऱ्या निघत. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आईच्या हातात सोन्याच्या दोनच बांगड्या. तिने त्यांतली एक उतरवून दिली. दिल्याचे दुःख तिला मुळीच नव्हते. परंतु आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवाचून बर्फात लढले, हे कानी आले तेव्हा ती संतापली. शेजारी राष्ट्राची नियत फिरल्याची चिन्हे दिसत असता सरकार इतकी वर्षे काय करीत होते, असे ती येईल त्याला विचारी. घरखर्चाची पै न् पै लिहून ठेवणारी बाई ती! बांगडीचा हिशेब मागण्याचा तिला अधिकारच होता.

तो हिशेब देण्याची पाळी यशवंतरावजींवर आली. दि. 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले आणि आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढविले. विद्यार्थिदशेतच त्यांना तुरुंगवास घडला. तरीही ते पदवीधर आणि पुढे वकील झाले. 1942 च्या जूनमध्ये फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ते भूमिगत झाले. नव्या नवरीची पहिली संक्रांत आली ती पोलीस घेऊनच! पती सापडत नाही म्हणून पत्नीला तुरुंगात टाकले. वेणूताईंची प्रकृती त्यानंतर कधी धड राहिली नाही. भूमिगत यशवंतराव 1943 मध्ये त्यांच्या आजारपणात भेटीला गेले आणि फलटणलाच पकडले गेले. पुढील चढती कमान सर्वांना ठाऊक आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला जिल्हा मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच दिवशी ते त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचे.

सीमेवर से ला आणि बोमदिला पडले तेव्हा नेहरूजींनी त्यांना दिल्लीस बोलावून घेतले. हिमालयासाठी सह्याद्री धावला, हे वाक्य आपण भाषणांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याखाली खरी हकीकत झाकून गेली आहे. दि. 21 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांनी संरक्षण खात्याची सूत्रे घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी केली होती. म्हणजे तलवार उपसण्याचे काम त्यांच्या वाट्याला आलेच नाही. आले ते पडक्या घराच्या भिंती पुन्हा उभारण्याचे काम. मंत्री आणि सेनापती यांच्यात अविश्वास माजला होता. त्यांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांशी नियमित बैठकी सुरू केल्या. ऐकावयाचे सर्वांचे, परंतु सैन्याच्या कामात उठल्यासुटल्या ढवळाढवळ करावयाची नाही, ही त्यांची रीत होती.

पराभवाची चौकशी सेनेकडून झाली होती. तिचे निष्कर्ष त्यांनी 2 सप्टेंबर 1963 रोजी लोकसभेत मांडले. डोंगरी युद्धाचे शिक्षण अपुरे, साहित्य अपुरे, हुकुमतीच्या व्यवस्थेत दोष. हे सर्व देशाच्या संरक्षणमंत्र्याने भर सभेत कबूल केले. शत्रूच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे होणे किती सोपे होते! पूर्ण अहवाल मात्र सरकारने अद्यापि प्रसिद्ध केलेला नाही. एवढ्या वर्षांनंतर काय गुपित उरले आहे, हे मला तरी कळत नाही. तरीही आईला तिच्या हिशेबाचे निदान अर्धे पान मिळाले.

कबुलीनंतर तयारी सुरू झाली. सव्वाआठ लाखांची सेना, तिच्यात दहा डोंगरी डिव्हिजने आणि पंचेचाळीस स्क्वॉड्रनांचे हवाई दल, अशी योजना आखली गेली. 1964 मध्ये ते मदतीसाठी अमेरिकेस गेले असताना इकडे नेहरूजी निवर्तले. हवी ती विमाने अमेरिकेने दिली नाहीत. मग त्यांनी रशियाकडून मिग विमानांची सोय केली. एका दारी नाही मिळाले तर दुसऱ्या दारी जावे, रुसून बसू नये, हे आपल्याला चूल सांभाळताना कळतेच. त्याच साली जवाहरनगरचा आपला दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. धानाच्या बांध्यांच्या या मुलखात संरक्षणाचे काम आले आणि कितीतरी घरांत महिन्याचा पगार येऊ लागला.

परीक्षा 1965 मध्ये झाली. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मिरात घुसखोर सोडले. त्याच महिन्यात विठाबाई गेल्या. मातृवियोगाचे सुतक मनात बाळगण्यासही त्यांना सवड नव्हती. दि. 1 सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे शिरले. दुपारी सेनाप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग विमाने वापरण्याची परवानगी मागण्यास आले. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाची बैठक न बोलावता काही मिनिटांत होकार दिला आणि संध्याकाळच्या आत आपली विमाने रणांगणावर पोहोचली. तीन वर्षांपूर्वी चीनशी झालेल्या लढाईत लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती! दि. 6 सप्टेंबरला आपल्या सेनेने लाहोरच्या रोखाने सीमा ओलांडली. शत्रू आपल्या अंगणात लढू पाहत असता त्याच्याच अंगणात युद्ध नेण्याचा हा निर्णय पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींचा, आणि त्याच्या पाठीशी संरक्षणमंत्री ठाम उभे होते. लाहोर जिंकण्याची हाव मात्र कोणी धरली नाही. दि. 23 सप्टेंबरला युद्ध थांबले.

नंतर 10 जानेवारी 1966 चा ताश्कंद करार. यशवंतरावही तेथे होते. हाजी पीरची खिंड जवानांनी रक्त सांडून घेतलेली, ती परत द्यावी लागली. त्या रात्रीच शास्त्रीजी गेल्याची बातमी आली आणि आमच्या घरी कोणी जेवले नाही. आई मात्र खिंडीचे विसरली नाही. रणात मिळविलेले बैठकीत का सोडले, हा तिचा सवाल अखेरपर्यंत कायम होता. मीही पुष्कळ वर्षे तिच्याच बाजूची होते. आता वाटते की, कराराने आपलाही छांबचा भाग परत मिळाला, आणि लढाई लांबवली असती तर किती घरची कुंकवे पुसली गेली असती, हाही हिशेबच आहे. तथापि, त्या खिंडीतून पुढे घुसखोर आले, असे वाचले की आईची आठवण होते.

त्यानंतर त्यांनी गृह, अर्थ, परराष्ट्र अशी मोठमोठी खाती सांभाळली, उपपंतप्रधानपदही भूषविले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वेणूताई 1 जून 1983 रोजी गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. यशवंतरावजी फार एकटे पडले आणि 25 नोव्हेंबर 1984 रोजी दिल्लीत त्यांनी देह ठेवला. कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांची समाधी आहे आणि गावातच वेणूताईंच्या नावाचे स्मारक आहे. यशवंतरावांनी आयुष्यभर जमविलेली पुस्तके तेथे ठेवली आहेत. पुढल्या वर्षीची मंडळाची सहल तिकडे न्यावी, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. प्रवास लांबचा आहे. ज्या भगिनींना यावयाचे असेल त्यांनी नावे लवकर द्यावीत.