मॅट बस्बी : कोळशाच्या खाणीतून ओल्ड ट्रॅफर्डपर्यंत

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रात्री खुर्चीवरून भांडणं होतात ती बहुतेक वेळा मॅन्चेस्टर युनायटेडच्या मॅचमुळे. लाल जर्सी घालून मेसमध्ये येणारे प्रत्येक विंगमध्ये दोन-तीन तरी सापडतातच. त्यांना अ‍ॅलेक्स फर्ग्युसनबद्दल विचारा, घडाघडा बोलतील. मॅट बस्बीचं नाव काढलं की मात्र कोणीतरी जुना मॅनेजर होता, एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मित्रांनो, हा लेख. आणि मेकॅनिकल, एरोवाल्यांनी मधला भाग जरा लक्ष देऊन वाचावा, तो आपल्या सिलॅबसमधला आहे.

बस्बीचा जन्म २६ मे १९०९ चा. स्कॉटलंडमध्ये बेल्सहिल गावाजवळ ऑर्बिस्टन नावाची खाणकामगारांची वस्ती होती, तिथलं दोन खोल्यांचं घर. वडील खाणीत कामाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि १९१७ साली फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत लपून बसलेल्या एका सैनिकाच्या गोळीने मारले गेले. मॅट तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे शाळा सुटली आणि तोही खाणीत उतरला. आईचे नातेवाईक अमेरिकेत होते, तिनेही मुलांना घेऊन तिकडेच जायचं ठरवलं. कागदपत्रांची वाट बघणं चालू असतानाच १९२८ च्या फेब्रुवारीत एका इंग्लिश क्लबने अठरा वर्षांच्या मॅटला आठवड्याला ५ पौंडांवर बोलावलं. अमेरिका राहून गेली. तो क्लब होता मॅन्चेस्टर सिटी. हो, सिटीच. युनायटेडच्या भक्तांनी हे वाक्य हवं तर पुन्हा वाचावं.

सिटीत सुरुवातीला त्याचं काहीच जमेना. तो इनसाइड फॉरवर्ड म्हणून खेळायचा, म्हणजे गोल करणाऱ्यांच्या रांगेत. तिथे लागणारा वेग त्याच्याकडे नव्हता. रिझर्व्ह टीममध्येच दिवस जात होते, वर घरची आठवण. १९३० मध्ये युनायटेडने त्याची चौकशी केली, सिटीने १५० पौंड मागितले, आणि युनायटेडकडे तेवढेही पैसे नव्हते! मग एकदा रिझर्व्हच्या मॅचमध्ये माणूस कमी पडला म्हणून त्याला मागे, राइट हाफच्या जागेवर उभं केलं. राइट हाफने बॉल अडवायचा, वर बघायचं आणि पुढच्याला नेमका पास द्यायचा. इथे धावण्यापेक्षा डोकं जास्त लागतं. बस्बीला आपली जागा सापडली. १९३३ ची एफए कप फायनल सिटी एव्हर्टनकडून हरली, पण १९३४ ची पोर्ट्समथविरुद्ध जिंकली. त्या टीमचा गोलकीपर फ्रँक स्विफ्ट, वीस वर्षांचा पोरगा, शिट्टी वाजताच मैदानावरच चक्कर येऊन पडला होता. हे नाव लक्षात ठेवा.

१९३६ मध्ये लिव्हरपूलने ८,००० पौंड देऊन बस्बीला घेतलं आणि पुढे तो तिथला कॅप्टनही झाला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि लीग बंद पडली. तो सैन्यात शारीरिक शिक्षणाच्या विभागात होता. खेळाडू म्हणून उरलेली वर्षं तिथेच संपली, पण माणसांकडून काम कसं करून घ्यायचं हे मला वाटतं तो तिथेच शिकला.

लिव्हरपूलला तो कोच म्हणून हवा होता. पण १९४५ च्या फेब्रुवारीत युनायटेडने बोलावलं तेव्हा त्याने टीम निवडणं, खेळाडू घेणं आणि आपला स्टाफ नेमणं हे सगळं स्वतःकडे मागितलं. त्या काळी बऱ्याच क्लबांमध्ये टीम डायरेक्टर लोकच ठरवायचे, मॅनेजर ऑफिसात बसून पत्रव्यवहार बघायचा. वर तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा करार मागितला. हे कोणत्या क्लबकडे? तर ज्याच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचे मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनी तुकडे केले होते, ज्याच्यावर कर्ज होतं, आणि ज्याला १९४९ पर्यंत सिटीच्या मेन रोडवर भाड्याने खेळावं लागणार होतं. अनुभव शून्य, वय ३५ आणि एवढ्या अटी! आपण कॅम्पस इंटरव्ह्यूत असं बोललो तर काय होईल, कल्पना करा.

ऑक्टोबरमध्ये त्याने काम सुरू केलं ते मैदानात उतरून, खेळाडूंबरोबर स्वतः ट्रेनिंग करत. इटलीत बारीला सैनिकांपुढे बोलताना जिमी मर्फी नावाचा वेल्श माणूस त्याला भेटला होता. ते भाषण ऐकून त्याने मर्फीला तिथल्या तिथे आपल्याबरोबर काम करायला बोलावलं. नंतर त्याने खेळाडूंच्या जागा बदलायला सुरुवात केली. जॉनी कॅरी पुढे खेळायचा, त्याला फुलबॅक केलं आणि कॅप्टन केलं. जॉन अ‍ॅस्टनलाही तसंच मागे आणलं. स्वतःचं करिअर एका जागाबदलामुळे वाचलं होतं, ते तो विसरला नव्हता. १९४८ मध्ये एफए कप आला, ब्लॅकपूलविरुद्ध ४-२. लीगमध्ये चार वेळा दुसरा नंबर आणि अखेर १९५२ ला पहिला. युनायटेडला हे विजेतेपद १९११ नंतर थेट तेव्हा मिळालं.

जिंकलेली ही टीम आता म्हातारी झाली होती. बाकीचे क्लब अशा वेळी पैसे ओतून तयार खेळाडू घेतात. बस्बीनेही काही घेतले, पण त्याचा भर शाळा सुटलेल्या पोरांवर होता. त्यांना शोधायचं, चांगल्या घरी राहायला ठेवायचं आणि मर्फीच्या हाताखाली घासून काढायचं. एफए युथ कप १९५२-५३ च्या सीझनला सुरू झाला आणि पहिली पाचही वर्षं युनायटेडने जिंकला. ही पोरं त्याने बिनधास्त मुख्य टीममध्ये टाकली. १९५६ आणि १९५७ ची लीग त्यांनी जिंकली तेव्हा टीमचं सरासरी वय २२ च्या आसपास होतं, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या बॅचएवढं. पेपरवाल्यांनी त्यांना नाव दिलं बस्बी बेब्स. त्यातला डंकन एडवर्ड्स अठराव्या वर्षीच इंग्लंडकडून खेळला होता.

आता त्या निर्णयाकडे येतो. युरोपियन कप १९५५ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी इंग्लंडच्या चेल्सीने लीगच्या दबावाखाली माघार घेतली होती. पुढच्या वर्षी लीगचं तेच मत असतानाही बस्बी युनायटेडला घेऊन युरोपात उतरला. पुढचं फुटबॉल तिकडेच आहे हे त्याला दिसत होतं. अँडरलेख्टला १०-० हरवलं, सेमीफायनलला रेआल माद्रिदने रोखलं. पुढच्या सीझनला पुन्हा गेले. लीगची अट अशी होती की शनिवारच्या मॅचच्या एक दिवस आधी परत इंग्लंडमध्ये हजर राहायचं. प्राग दौऱ्यावरून येताना धुक्यामुळे फार हाल झाले, म्हणून बेलग्रेडला जाताना स्वतंत्र विमान ठरवलं. ५ फेब्रुवारी १९५८ ला तिथे ३-३ बरोबरी करून ते सेमीफायनलमध्ये पोचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं. एअरस्पीड अ‍ॅम्बॅसेडर जातीचं, दोन पिस्टन इंजिनांचं विमान. आत ४४ माणसं. बाहेर बर्फ पडत होता. दोनदा टेकऑफ सुरू करून थांबवावा लागला, कारण इंजिनाचं बूस्ट प्रेशर मधेच वर उसळत होतं. सगळे उतरून टर्मिनलमध्ये गेले आणि परत येऊन बसले. तीन वाजून गेल्यावर तिसरा प्रयत्न झाला. वेग ११७ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण २१७ किलोमीटरपर्यंत गेला. या वेगानंतर थांबता येत नाही, उडावंच लागतं. हवेत जायला ११९ नॉट हवे होते. दोन नॉटचा फरक. पण तिथून वेग वाढायच्या ऐवजी उतरला, ११२, मग १०५. धावपट्टी संपली, विमान कुंपण तोडून पलीकडच्या एका घरावर आदळलं.

वेग का उतरला? धावपट्टीच्या शेवटच्या भागात अर्धवट वितळलेल्या बर्फाचा लगदा साचला होता, त्याला स्लश म्हणतात. आधीच्या दोन प्रयत्नांत विमान तिथपर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळे तो तसाच अख्खा होता. चाकं त्यात शिरली की पाण्यात पळाल्यासारखा विरोध होतो आणि तो वेगाबरोबर वाढत जातो. काही सेंटिमीटरचा थर एवढं मोठं विमान मागे खेचू शकतो हे त्या वेळी नीट माहीत नव्हतं. जर्मन चौकशीने दोष कॅप्टन जेम्स थेनवर टाकला, की पंखांवरचा बर्फ त्याने काढून घेतला नाही. थेनची नोकरी गेली. स्लशचे प्रयोग पुढे झाले, धावपट्टीवर किती स्लश चालेल याच्या मर्यादा ठरल्या, आणि ब्रिटिश चौकशीने त्याला निर्दोष म्हटलं ते १९६९ मध्ये. अकरा वर्षं एक माणूस चुकीच्या निदानाचं ओझं वाहत होता. १९७५ मध्ये तो वारलाही. फ्ल्युइड मेकॅनिक्समधला ड्रॅग फोर्स मला कधी एवढा खरा वाटला नव्हता.

अपघातात २३ माणसं गेली. त्यात आठ खेळाडू : रॉजर बर्न, टॉमी टेलर, मार्क जोन्स, एडी कोलमन, लिअम व्हेलन, डेव्हिड पेग, जेफ बेंट आणि पंधरा दिवस झुंजून डंकन एडवर्ड्स. आठ पत्रकारही गेले, आणि त्यात होता फ्रँक स्विफ्ट, १९३४ चा तोच गोलकीपर, जो आता पेपरसाठी लिहायचा. बस्बीची छाती चिरडली होती. तो वाचेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. धर्मगुरूंनी अखेरचे संस्कार दोनदा केले. तो ऑक्सिजनच्या तंबूत असताना कोण गेलं हे त्याला कुणी सांगत नव्हतं. शेवटी त्याने बायकोला, जीनला, एकेक नाव घेऊन विचारलं. ती बोलली नाही. जिवंत असेल तर मान हलवून हो, नसेल तर नाही. आठ पोरांची नावं अशी गेली. ज्यातल्या बहुतेकांना त्याने शाळेतून उचलून आणलं होतं आणि ज्यांना युरोपात स्वतःच्या हट्टाने नेलं होतं, ती पोरं. फुटबॉल सोडायचं त्याने तिथेच ठरवलं होतं. त्या पोरांना तू परत जाणंच आवडलं असतं, असं जीननेच त्याला समजावलं.

इकडे मर्फी वाचला होता, कारण तो वेल्सच्या टीमबरोबर कार्डिफला होता. अपघातानंतर तेराव्या दिवशी शेफील्ड वेन्सडेशी कपची मॅच होती. छापलेल्या प्रोग्रॅममध्ये युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या होत्या, कारण कोण खेळणार हेच ठरलं नव्हतं. वाचलेले दोघं, रिझर्व्हची पोरं आणि घाईने विकत घेतलेले दोन खेळाडू घेऊन मर्फीने ती मॅच ३-० जिंकली आणि टीमला चक्क फायनलपर्यंत नेलं. फायनल बोल्टनकडून २-० हरले. बस्बी काठी टेकत बघायला आला होता. माझ्या मते मर्फीवर वेगळा लेख लिहायला हवा.

पुढच्या सीझनपासून बस्बी परत कामावर. टीम पुन्हा बांधणं काही सिनेमासारखं झालं नाही. १९६३ मध्ये युनायटेड २२ टीममध्ये १९ वी आली, खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचली. पण त्याच महिन्यात एफए कपही जिंकला. १९६२ मध्ये तोरिनोकडून १,१५,००० पौंडांना डेनिस लॉ आणला होता. बेलफास्टचा पंधरा वर्षांचा जॉर्ज बेस्ट घरच्या आठवणीने पळून गेला होता, त्याला परत बोलावलं होतं. आणि म्युनिकमधून वाचलेला बॉबी चार्ल्टन होताच. लीग १९६५ आणि १९६७ ला आली. युरोप मात्र हुलकावणी देत होता. १९६६ मध्ये सेमीफायनल हरले ती पार्टिझानविरुद्ध, आणि पहिला पराभव नेमका बेलग्रेडमध्ये.

१९६८ च्या सेमीफायनलला पुन्हा रेआल माद्रिद. माद्रिदमध्ये हाफटाइमला १-३ मागे पडलेले असताना ३-३ केलं. निर्णायक गोल कोणाचा, तर बिल फोक्सचा. डिफेंडर, गोल क्वचितच करणारा, आणि म्युनिकचा वाचलेला. २९ मे १९६८ ला वेम्ब्लीवर बेन्फिकाविरुद्ध फायनल. चार्ल्टनने गोल केला, बेन्फिकाने बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये बेस्ट, मग त्या दिवशी एकोणीस पूर्ण केलेला ब्रायन किड, मग परत चार्ल्टन. ४-१. युरोपियन कप जिंकणारी ही पहिली इंग्लिश टीम. त्या अकरा जणांत विमानातले दोघं होते, चार्ल्टन आणि फोक्स. शिट्टी वाजल्यावर बस्बी आधी चार्ल्टनला भेटला. त्याच वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. बेस्टला तो कधी आवरू शकला नाही. म्युनिकमध्ये जखमी होऊन कायमचा बाद झालेल्या जॅकी ब्लँचफ्लॉवरला क्लबचं घर सोडावं लागलं, हे वाचून मला वाईट वाटलं. आणि १९६९ मध्ये मॅनेजरपद सोडलं तरी तो ओल्ड ट्रॅफर्डमध्येच राहिला. नव्या मॅनेजरच्या डोक्यावर सावली पडायचीच. डिसेंबर १९७० मध्ये त्यालाच परत बोलावून सीझन पूर्ण करून घ्यावा लागला. १९७४ मध्ये युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं.

१९९३ मध्ये, २६ वर्षांनी युनायटेडने पुन्हा लीग जिंकली आणि बस्बीने ते पाहिलं. २० जानेवारी १९९४ ला तो गेला, वय ८४. दोन दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर मॅच होती, समोर एव्हर्टन, ज्यांच्याकडून तो १९३३ ची फायनल हरला होता. पुढे बॅगपाइप वाजवणारा एकच माणूस आणि मागून दोन्ही टीम अशा मैदानात आल्या. मग एक मिनिट कुणी हललं नाही. मॅच युनायटेडने १-० जिंकली. गोल रायन गिग्जचा, वीस वर्षांचा, युनायटेडच्याच युथ टीममधून वर आलेला.