मार्कंडीकाठचा हिमालययात्री

बेळगावजवळच्या बेळगुंदी परिसरातून वाहणाऱ्या मार्कंडी नदीची कीर्ती फारशी दूर गेलेली नाही. गंगा-यमुनेच्या उगमापर्यंत पायी जाऊन आलेल्या दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकरांनी मात्र देशातील नद्यांवर लिहिताना या लहानशा नदीला सखीचा मान दिला. बेळगुंदी हे त्यांच्या घराण्याचे गाव.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण कारवार, बेळगाव, शहापूर असे फिरतीवर गेले. मराठी घरातली, तर कोकणी आणि कन्नड भोवतालची. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ साली पदवी घेतल्यावर त्यांनी 'राष्ट्रमत' दैनिकात काम केले. बेळगावच्या गणेश विद्यालयाचे ते मुख्याध्यापक होते. पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना नात्याने हाक मारण्याची रीत होती. 'काका' हे नाव तिथलेच. सरकारी रोषामुळे ती संस्था बंद पडली.

१९१२ साली संसार मागे ठेवून, साधनेच्या ओढीने, काकासाहेब हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद सोबत होते. याच सुमारास स्वेन हेडिन आणि ऑरेल स्टाईन मध्य आशियात मोजमापाची उपकरणे, ओझ्याची जनावरे आणि नोकरचाकरांसह संशोधन करीत होते. हेडिनने १९०७ साली सिंधूचा उगम गाठला होता. कालेलकरांनी नकाशात एका रेघेचीही भर घातली नाही. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी या वाटा ते यात्रेकरूंच्या चालीने चालले. वाटेवरच्या चट्ट्या, साधू, पहाडी माणसे, बर्फ हे सारे त्यांनी मनात साठवले. त्यागाच्या नावाखाली घरच्यांना सोसावा लागलेला विरह मात्र या प्रवासाच्या गौरवात सहसा मोजला जात नाही.

हिमालयात ते कायमचे राहिले नाहीत. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि पुढचे आयुष्य साबरमती आश्रम, गुजरात विद्यापीठ, तुरुंग यांत गेले. आश्रमातल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले हिमालयाचे प्रवासवर्णन १९२४ साली प्रसिद्ध झाले, तेही गुजरातीत. मराठी वाचकांच्या हाती ते नंतर आले. जिथे दुकानाच्या पाटीवरच्या भाषेवरूनही वाद पेटतो, त्या सीमाभागातल्या या लेखकाला गांधीजींनी 'सवाई गुजराती' म्हटले. गुजरातमध्ये आजही ते प्रवासवर्णन आवडीने वाचले जाते.

२१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.