कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांचाही कांहीं वर्षें वियोग घडला. पुढें १९०० सालीं त्याही ख्रिस्ती झाल्या.

त्या काळीं उपासनामंदिरांत पुष्कळ गीतें परदेशीय चालींवर गात. शब्द मराठी, परंतु सूर कानांस परका! टिळकांस घर सोडावें लागलें, पण घरचे सूर त्यांनीं सोडले नाहींत. संतांचा अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांच्याच वळणावर त्यांनीं ख्रिस्तभक्तीचीं पदें रचिलीं. तुकोबांचें ऋण ते उघडपणें मानीत. १९०९ मध्यें आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ अपुरें ठेवून ते ९ मे १९१९ रोजीं निवर्तले; तें काव्य लक्ष्मीबाईंनीं तडीस नेलें.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या होटगीकडे मराठी व कानडी अशीं दोन्ही भजनें कानीं पडतात. तीं आदरानें ऐका. जुन्या चालींत नवें गीत गातांना ती चाल ज्यांनीं आपणांस दिली, त्यांस विसरूं नका. टिळक विसरले नाहींत, म्हणूनच त्यांचीं पदें आजही आपल्या ओठीं आहेत.