विश्लेषण : योद्धा, जादूगार आणि मध्येच आलेला चोर... गॅरी गायगॅक्स यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम कसे घडवले?

'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतली मुले तळघरात टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतात, तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ मध्ये तो बाजारात आणणारे गॅरी गायगॅक्स एका प्रश्नाशी आयुष्यभर झगडले. एका पात्राला किती ताकद द्यावी, म्हणजे टेबलावरच्या बाकीच्यांनाही खेळण्यात मजा उरेल?

खेळ नेमका कसा?

कासा-डहाणूकडच्या वाचकांना जव्हार-मोखाड्याचा बोहाडा नवा नाही. मुखवटा चढवला की माणूस त्या देवाचे किंवा दैत्याचे सोंग वठवतो. इथे मुखवट्याऐवजी कागद असतो आणि दैत्य हरणार की नाही, हे फासा ठरवतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो. बाकीचे आपापल्या पात्राचा 'क्लास' निवडतात. पात्राला काय जमते आणि काय नाही, ते या क्लासवरून ठरते.

गायगॅक्स कोण होते?

जन्म २७ जुलै १९३८, शिकागो. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. बालपण विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गेले. शाळा अर्धवट सुटली. पुढे विमा कंपनीत नोकरी लागली, तीही १९७० मध्ये गेली. मग घरच्या तळघरात जोडे दुरुस्त करत त्यांनी युद्धखेळांचे नियम लिहिले. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नसन यांनी त्याच नियमांवरून, एका खेळाडूने एकच पात्र चालवायचे, असा वेगळा खेळ उभा केला होता. तो गायगॅक्स यांनी पाहिला आणि दोघांच्या मेहनतीतून तीन पुस्तिकांची पेटी तयार झाली. पहिल्या छपाईत प्रती होत्या अवघ्या १,०००.

त्यात क्लास तीनच : योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवभक्त लढवय्या. हा क्लेरिकही समतोल साधण्यासाठीच आला होता. आर्नसन यांच्या टेबलावर एका खेळाडूचे व्हॅम्पायर फार शिरजोर झाले, त्याला आवर घालायला हे पात्र रचले गेले.

चोरामुळे काय बिघडले?

१९७४ मध्येच कॅलिफोर्नियातल्या काही खेळाडूंनी चोराचा क्लास बनवला. फोनवरून ते कळताच गायगॅक्स यांनी स्वतःचा चोर लिहिला. कुलूप उघडणे, दबकत चालणे, सगळ्याला टक्केवारी ठरली. पण मग योद्ध्याने दबकत चालायचेच नाही का? कालपर्यंत तर तो चालत होता! एका पात्राला दिलेले कौशल्य नकळत दुसऱ्याकडून काढून घेतले जाते, ही अडचण या खेळात आजही पुरती सुटलेली नाही.

समतोलासाठी त्यांनी बढतीचा वेग बदलला. दुसऱ्या पातळीसाठी चोराला १,२०० गुण पुरत, योद्ध्याला २,०००, जादूगाराला २,५००. पॅलाडिन हा धर्मयोद्धा होण्यासाठी तीन फाशांवर १७ किंवा १८ पडावे लागत. ही शक्यता ५४ मध्ये एक. हिशेब कागदावर चोख होता. पण ज्याचे दान एकदा पडले तो कायमचा वरचढ, हे त्यात धरलेच नव्हते.

दार का बंद केले?

सुरुवातीला गायगॅक्स यांचा सूर मोकळा होता : नियमात फट दिसली तर तुम्हीच भरा. रेंजर, इल्युजनिस्ट, बार्ड हे क्लास तर इतरांनीच लिहून कंपनीच्या नियतकालिकात दिले. पण शंकांची पत्रे वाढली, प्रत्येक गावचा खेळ वेगळा होऊ लागला. १९७७ ते १९७९ दरम्यान त्यांनी 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाड पुस्तके काढली आणि नियम बदलणारा हा खेळ खेळतच नाही, अशी भूमिका घेतली. त्यामागे पैशांचाही प्रश्न होता. नव्या आवृत्तीवर आर्नसन यांना मानधन नाकारले गेले. ते १९७९ मध्ये न्यायालयात गेले, १९८१ मध्ये तडजोड झाली. श्रेय वाटून घेण्यात गायगॅक्स कमी पडले, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही.

१९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्काना' पुस्तकात त्यांचा बार्बेरियन आला. हा रानटी योद्धा प्रचंड दणकट. तोल सांभाळायला दोन अटी : दुसऱ्या पातळीसाठी ६,००० गुण हवेत आणि सुरुवातीला जादूगाराची संगत वर्ज्य. म्हणजे ताकद मिळाली एकाला, शिक्षा झाली शेजारच्या जादूगाराला! दोघे एका टोळीत खेळणार तरी कसे? असे नवे क्लास जुन्यांना झाकोळतात, ही तक्रार खेळाडूंनी तेव्हा केली आणि ती रास्त होती.

त्याच वर्षी कंपनीची सूत्रे त्यांच्या हातून गेली आणि १९८६ मध्ये त्यांनी ती सोडली. २००० मध्ये नव्या मालकांनी तिसरी आवृत्ती आणली. तिच्यात बढतीचा तक्ता सगळ्या क्लासना एकच होता आणि बार्बेरियनला जादूगाराशी मैत्री करायची मुभा होती.

गायगॅक्स अखेरपर्यंत लेक जिनिव्हातच राहिले. जगभरातले खेळाडू जुन्या नियमांवरच्या शंका इंटरनेटवरून विचारत आणि ते स्वतः उत्तरे देत. ४ मार्च २००८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.