लॉर्ड केल्विन: समुद्राखालच्या केबलचं ट्रॅफिक आरशात वाचणारा माणूस

लॅन केबलमधून नेमकं काय जातंय हे बघायचं असेल तर हार्डवेअर कोणतं घ्यायचं? लॅपटॉपवर वायरशार्क फुकटात मिळतं, पण ते टाकल्यावर बऱ्याच जणांची निराशा होते. राउटरला जोडलेल्या टीव्हीचं, सीसीटीव्हीचं किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरचं ट्रॅफिक त्यात दिसतच नाही. स्विच हुशार असतो. ज्याचा डेटा, त्याच्याच पोर्टवर तो पाठवतो. मग उरतात दोन रस्ते. एक म्हणजे 'पोर्ट मिररिंग' असलेला मॅनेज्ड स्विच, जो एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या पोर्टवर टाकतो. दुसरा म्हणजे टॅप, म्हणजे केबलच्या मध्ये बसवायची छोटी डबी. (हे सगळं स्वतःच्या नेटवर्कवर किंवा मालकाच्या परवानगीनेच करायचं, हे वेगळं सांगायला नको.)

दोन्हीकडे अडचण एकच आहे: वायरवर नजर ठेवणाऱ्या वस्तूमुळे वायरवरचं काम बिघडता कामा नये. स्वस्तातला पॅसिव्ह टॅप गिगाबिट लाइनवर लावलात तर स्पीड 100 एमबीपीएसवर येतो. कारण गिगाबिटमध्ये तांब्याच्या चारही जोड्यांवर डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांना धावतो आणि ती साधी डबी तो वेगळा करू शकत नाही.

मिररिंगमध्ये 'मिरर' शब्द नुसता म्हणायला आहे, तिथे खरा आरसा नसतो. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने याच अडचणीवर खराखुरा आरसा वापरला होता. तापमानाचं 'केल्विन' हे एकक शाळेत शिकलात ना? तेच हे केल्विन.

दहाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत

त्यांचं खरं नाव विल्यम थॉमसन. जन्म 26 जून 1824, बेलफास्ट, आयर्लंड. वडील जेम्स थॉमसन गणित शिकवायचे. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली आणि मुलांचा अभ्यास वडिलांनीच घेतला. 1832 मध्ये वडिलांना ग्लासगो युनिव्हर्सिटीत गणिताचे प्रोफेसर म्हणून जागा मिळाली आणि सगळं घर स्कॉटलंडला आलं. 1834 मध्ये विल्यमचं नाव त्याच युनिव्हर्सिटीत घातलं गेलं. वय वर्षं दहा! पुढे केंब्रिज, मग पॅरिसला रेन्यो यांच्या लॅबमध्ये काही महिने. 1846 मध्ये, बावीस वर्षांचे असताना, ते ग्लासगोत फिजिक्सचे प्रोफेसर झाले आणि पुढची 53 वर्षं त्याच खुर्चीवर राहिले. तापमानाची ती प्रसिद्ध स्केल त्यांनी 1848 मध्येच मांडली होती. तिच्यावर मराठीत भरपूर लिहिलेलं सापडेल, म्हणून आपण थेट केबलकडे जाऊया.

वायर लांब झाली की सिग्नल का पसरतो?

1850 च्या दशकात जमिनीवरचा टेलिग्राफ चांगला चालत होता. समुद्राखालच्या केबलमध्ये मात्र विचित्र प्रकार दिसू लागला. एका टोकाला बटण दाबलं की दुसऱ्या टोकाला करंट एकदम न येता हळूहळू चढायचा आणि हळूहळूच उतरायचा. दोन सिग्नल जवळजवळ पाठवले तर ते एकमेकांत मिसळून जायचे.

1854-55 मध्ये थॉमसन यांनी यामागचं गणित मांडलं. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं इन्सुलेशन आणि बाहेर समुद्राचं पाणी. म्हणजे अख्खी केबल हाच एक प्रचंड लांब कपॅसिटर. तो आधी भरावा लागतो, मगच पलीकडे काही पोहोचतं. त्यांच्या हिशेबाने हा उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केबल दहापट लांब केली तर उशीर शंभरपट.

आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकखालची केबल टाकायला 1856 मध्ये निघालेल्या कंपनीला हे गणित परवडणारं नव्हतं. कंपनीचे मुख्य इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने सर्जन, पण विजेच्या प्रयोगांचं प्रचंड वेड. वर्गाचा नियम त्यांनी जाहीरपणे नाकारला. त्यांचा उपाय सरळ होता: पलीकडे सिग्नल कमी पोहोचतोय, तर अलीकडून जास्त जोर लावा. त्यासाठी त्यांनी मोठमोठ्या इंडक्शन कॉइल बनवल्या. दुसऱ्या टोकाला त्यांचं स्वतःचं रिसीव्हर होतं. त्यातला रिले हलवायलाही बऱ्यापैकी करंट लागायचा.

थॉमसन कंपनीचे डायरेक्टर झाले खरे, पण इलेक्ट्रिकल विभाग व्हाइटहाउस यांच्याच हातात राहिला. समुद्रावर मात्र उलटं झालं. तब्येतीचं कारण सांगून व्हाइटहाउस किनाऱ्यावर थांबले आणि त्यांच्या जागी थॉमसन जहाजावर गेले, तेही बिनपगारी.

आरसा, दिवा आणि रेशमाचा धागा

थॉमसन यांचा विचार वेगळ्या दिशेने चालला होता. सिग्नल लहान असेल तर तो मोठा करण्याच्या मागे कशाला लागायचं? लहान सिग्नल दिसेल असं यंत्र बनवू. 1858 च्या सुरुवातीला त्यांनी मिरर गॅल्व्हानोमीटरचं पेटंट घेतलं.

रचना एकदम साधी. तारेच्या गुंडाळीच्या मध्यभागी रेशमाच्या बारीक धाग्याला एक इवलासा आरसा टांगलेला. त्याच्या पाठीला चुंबकाचे छोटे तुकडे चिकटवलेले. सगळं मिळून वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. गुंडाळीतून जरासा करंट गेला की आरसा किंचित वळतो. समोर दिवा ठेवलेला असतो, त्याचा प्रकाश आरशावरून परत फिरून पट्टीवर पडतो. आरसा केसभर वळला तरी पट्टीवरचा ठिपका चांगला सरकलेला दिसतो. ठिपका एका बाजूला गेला तर डॉट, दुसऱ्या बाजूला गेला तर डॅश. म्हणजे काटा कोणता, तर प्रकाशाचा! त्याला वजन नाही, म्हणून तो हलवायला करंटही लागत नाही. आणि करंट पूर्ण चढायची वाट बघायची गरज नाही, ठिपका सरकायला लागला की कळलं.

मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या शोधांत हाच सगळ्यात देखणा आहे.

जहाजावर याच यंत्राने केबलवर सतत पहारा ठेवला जायचा. 29 जुलै 1858 रोजी भर समुद्रात दोन जहाजांवरच्या केबलची टोकं जोडली गेली आणि ॲगमेम्नॉन पूर्वेला, नायगारा पश्चिमेला निघालं. 5 ऑगस्टला दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली. न्यूयॉर्कमध्ये इतका जल्लोष झाला की फटाक्यांनी सिटी हॉलच्या छपराला आग लागली.

जोर लावला आणि केबल गेली

आयर्लंडच्या किनाऱ्यावर केबलचा ताबा पुन्हा व्हाइटहाउस यांच्याकडे आला. त्यांनी आपल्या कॉइल जोडल्या, अंदाजे 2000 व्होल्टच्या. केबलमध्ये आधीच दोष होते. कारखान्यात घाईघाईने बनलेली, उन्हात पडून राहिलेली ती केबल होती. हा जोर तिला सोसला नाही. त्यांचं रिसीव्हर तर धड काही दाखवेना. शेवटी संदेश वाचले गेले ते थॉमसन यांच्या आरशावरच. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेला पोहोचायला 16 तास लागले. तुमचं व्हॉट्सॲप एक टिक दाखवून अडकलं की चिडता ना? तिथे एका शब्दाला जवळपास दहा मिनिटं लागत होती.

त्याच महिन्यात कंपनीने व्हाइटहाउस यांना काढून टाकलं. थॉमसन कमी व्होल्टेजच्या बॅटरीवर केबल जपून चालवत राहिले. मरता मरता त्या केबलने एक काम केलं आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी आहे. 1857 च्या उठावासाठी कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना निघायचा हुकूम गेला होता. आता त्यांची गरज उरली नव्हती. 31 ऑगस्टला केबलवरून ती कूच रद्द झाली आणि सरकारचे सुमारे 50,000 पौंड वाचले असा अंदाज त्या वेळी केला गेला. सप्टेंबरमध्ये केबल बंद पडली.

चौकशी समितीचा रिपोर्ट 1861 मध्ये आला आणि व्हाइटहाउस यांच्यावर मोठा ठपका बसला. सगळा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही, कारण कमकुवत केबल कधीतरी गेलीच असती. पण आजारी पेशंटला धावायला लावणारा डॉक्टर तेच होते, हे नाकारता येत नाही.

1865-66: पहारा चालू, काम पण चालू

पुढच्या केबलमध्ये तांबं वजनाने जवळपास तिप्पट होतं. शिवाय तांब्याचा प्रत्येक तुकडा तपासून घेतला जायचा. बाजारातल्या तांब्याची वीज वाहून नेण्याची क्षमता खूप कमी-जास्त असते हे थॉमसन यांनीच दाखवून दिलं होतं. जहाज डोललं तरी आरसा डोलू नये म्हणून त्यांनी धागा वर-खाली दोन्हीकडून ताणून बसवला आणि यंत्र लोखंडी पेटीत ठेवलं.

1865 मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजावरून केबल सोडली जात असताना प्रकाशाचा ठिपका अचानक पट्टीबाहेर पळाला. केबल वर ओढून पाहिली तर तारेचा एक तुकडा इन्सुलेशनमध्ये आरपार घुसलेला! तसंच पुन्हा घडल्यावर कुणीतरी मुद्दाम करतंय असा संशय आला. शेवटी कळलं, की केबलच्या बाहेरच्या कवचाची तार टाकीतल्या वजनाखाली मोडून आत घुसते. ती केबल पुढे भर समुद्रात तुटली.

1866 मध्ये पद्धत सुधारली. आधी तपासणी आणि जहाज-किनारा बोलणं आळीपाळीने चालायचं, म्हणजे एक चालू असताना दुसरं बंद. विलोबी स्मिथ या इंजिनिअरने अशी जोडणी बसवली, की इन्सुलेशनवर अखंड नजर राहायची आणि बोलणंही चालू राहायचं. आज टॅप घेताना आपण हेच तर मागतो! 27 जुलै 1866 ला केबल न्यूफाउंडलंडला पोहोचली. जहाजाने 1865 ची तुटलेली केबलही शोधून जोडून दिली. वीस शब्दांना 20 पौंड असा सुरुवातीचा दर होता.

दोन केबल हाताशी आल्यावर लॅटिमर क्लार्क यांनी एक मजा केली. पलीकडची टोकं एकमेकांना जोडून आयर्लंडहून अटलांटिकपार आणि परत असा एकच फेरा बनवला. बॅटरी काय घेतली? शिवताना बोटात घालायची चांदीची टोपी, तिच्यात ॲसिडचे थेंब आणि जस्ताचा एक कण. सिग्नल अख्खा फेरा फिरून आला आणि गॅल्व्हानोमीटरवर स्पष्ट वाचता आला. कुठे 2000 व्होल्ट आणि कुठे ही टोपी!

त्याच वर्षी थॉमसन यांना 'सर' ही पदवी मिळाली.

मुंबईपर्यंत

आरशात एक उणीव होती. ठिपका बघायला डोळे लावून माणूस बसवावा लागायचा आणि गेलेला सिग्नल परत बघता येत नसे. आजच्या भाषेत, लाइव्ह व्ह्यू होता पण लॉग नव्हता. 1867 मध्ये थॉमसन यांनी सायफन रेकॉर्डरचं पेटंट घेतलं. केसासारखी बारीक काचेची नळी शाईत बुडलेली, तिचं टोक सरकत्या कागदी पट्टीजवळ, पण पट्टीला न टेकलेलं. टेकलं की घर्षण आलं आणि घर्षण म्हणजे सिग्नलची चोरी. म्हणून शाईला स्थिर विजेचा चार्ज देऊन तिचे थेंब कागदावर उडवले जायचे. इंकजेट प्रिंटर आठवला ना?

1870 मध्ये ग्रेट ईस्टर्न केबल भरून मुंबईला आलं आणि इथून एडनपर्यंत ती टाकत गेलं. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत जूनमध्ये मुंबई इंग्लंडशी समुद्राखालून जोडली गेली. अशा लांब केबलवर सायफन रेकॉर्डर पुढे अनेक वर्षं वापरात राहिला. ही यंत्रं ग्लासगोतल्या जेम्स व्हाइट यांच्या कारखान्यात बनायची आणि पेटंटच्या पैशांतून थॉमसन यांनी लल्ला रूख नावाची 126 टनांची यॉट घेतली. पृथ्वीच्या वयाचा त्यांचा हिशेब मात्र साफ चुकला आणि ते तो शेवटपर्यंत धरून बसले.

1892 मध्ये ते लॉर्ड झाले. युनिव्हर्सिटीजवळून केल्विन नदी वाहते, तिचं नाव त्यांनी घेतलं. 1896 मध्ये त्यांच्या प्रोफेसरकीला पन्नास वर्षं झाली. त्या समारंभात ग्लासगोहून निघालेला एक संदेश न्यूफाउंडलंड, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को असा फिरून साडेसात मिनिटांत परत आला. 1899 मध्ये रिटायर झाल्यावर त्यांनी त्याच युनिव्हर्सिटीत रिसर्च स्टुडंट म्हणून नाव नोंदवलं. 17 डिसेंबर 1907 रोजी लार्ग्झच्या घरी ते वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन यांच्या शेजारी त्यांना पुरलं आहे.